इक्लिप्स आरसीपीवरचं जुनं अ‍ॅप्लिकेशन हातात आलंय: आधी थ्रेड, मग हँडल, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जावाचा पाच वर्षांचा अनुभव आहे, पण सगळा सर्व्हरच्या बाजूचा. आता कारखान्यातल्या चाचणी-यंत्रांची मोजमापं दाखवणारं आणि साठवणारं एक डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन गळ्यात पडलंय. कोड इक्लिप्स आरसीपीवर, म्हणजे डेस्कटॉप प्रोग्राम उभे करायच्या इक्लिप्सच्या तयार चौकटीवर आहे. स्क्रीन मधूनच गोठते, कधी कधी ‘नो मोअर हँडल्स’ म्हणून सगळंच बंद पडतं. हे सोडून स्विंग किंवा जावाएफएक्स या जावाच्या दुसऱ्या टूलकिट्समध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या साहित्यात, नव्याने लिहावं का? आणि आरसीपीच शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

नव्याने लिहू नका. निदान या दोन कारणांसाठी तरी नाहीच. स्क्रीन गोठण्याचं दुखणं तुमच्याबरोबर स्विंगमध्ये येईल आणि जावाएफएक्समध्येही येईल. ते टूलकिटचं नाही, एकाच थ्रेडवर, म्हणजे कामांच्या एकाच धाग्यावर, सगळी कामं लादण्याच्या सवयीचं आहे. हँडल, म्हणजे चित्रा-खिडक्यांसाठी सिस्टिमने दिलेले क्रमांक, संपण्याचं दुखणं मात्र खास एसडब्ल्यूटीचं, म्हणजे आरसीपीच्या खालच्या टूलकिटचं. पण तेही आठवड्याभरात शोधून काढता येतं. मी गेली 18 वर्षं चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी अशीच अ‍ॅप्लिकेशन्स करतोय आणि या दोन्ही खड्ड्यांत यथेच्छ पडलोय, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो.

एसडब्ल्यूटी असं का वागतं ते कळायला थोडी वंशावळ हवी. जावाबरोबर सुरुवातीला आलं ते एडब्ल्यूटी. ते ऑपरेटिंग सिस्टिमची बटणं-खोके वापरायचं, पण सगळ्या सिस्टिम्समध्ये जे सामाईक तेवढंच. टेबल नाही, ट्री नाही. मग 1998 च्या अखेरीस जावा 1.2 बरोबर स्विंग आलं. त्याने सिस्टिमवर विसंबणंच सोडलं आणि प्रत्येक बटण स्वतः रंगवायला घेतलं. त्यानंतर आयबीएमच्या ओटावातल्या ओटीआय या उपकंपनीतल्या मंडळींनी उलटी वाट धरली. सिस्टिमचं बटण असेल तर तेच वापरायचं, नसेल तेवढंच आपण बनवायचं. हे एसडब्ल्यूटी. 2001 मध्ये आयबीएमने इक्लिप्स खुलं केलं तेव्हा ते त्यातून बाहेर आलं. 2004 मध्ये इक्लिप्स 3.0 आलं आणि त्यातला प्रोग्रामिंगचा भाग वजा करून उरलेली चौकट कुणालाही वापरता येऊ लागली. तीच आरसीपी. लोटस नोट्स 8 तिच्यावर उभं होतं. डेटाबेसवाले रोज उघडतात ते डीबीव्हर आजही तिच्यावरच आहे.

म्हणजे एसडब्ल्यूटीमध्ये तुमच्या जावाच्या प्रत्येक बटणामागे विंडोजचं खरंखुरं बटण असतं. फायदे आणि ताप, दोन्ही तिथूनच येतात.

आता थ्रेड. हे नीट बसलं की निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एकदा आरसीपीची चौकट बाजूला ठेवून एसडब्ल्यूटीचं सगळ्यात छोटं अ‍ॅप्लिकेशन हाताने लिहा. एक डिस्प्ले बनवायचा, त्यावर एक शेल, म्हणजे खिडकी, आणि ती उघडायची. मग तुम्ही स्वतः एक व्हाइल लूप लिहायचा: शेल डिस्पोज होत नाही, म्हणजे बंद होऊन मोडीत निघत नाही, तोवर डिस्प्लेला ‘रीड अँड डिस्पॅच’ सांगायचं, आणि त्याच्या हाती काहीच लागलं नाही तर ‘स्लीप’ सांगायचं. एवढंच. स्विंगमध्ये हा लूप पडद्याआड असतो, त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं काम करतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. इथे तो तुमच्या मेन मेथडमध्ये उघड्यावर आहे. आरसीपीत तो चौकटीच्या आत जातो, पण असतो हाच.

‘रीड अँड डिस्पॅच’ काय करतं? सिस्टिमच्या रांगेतून एक निरोप उचलतं: माउस दाबला, कळ दाबली, खिडकीचा हा तुकडा पुन्हा रंगवायचाय. मग त्या निरोपासाठी तुम्ही लावलेल्या लिसनरला, म्हणजे त्या निरोपावर चालणाऱ्या तुमच्या कोडला, हाक मारतं. तुमचा लिसनर परत येईपर्यंत लूप तिथेच उभा. लिसनरमध्ये तुम्ही डेटाबेसला क्वेरी टाकलीत आणि ती आठ सेकंद चालली, तर ती आठ सेकंद खिडकी रंगवायला कुणीच नाही. साधारण पाच सेकंद वाट पाहून विंडोज तिच्यावर पांढरट पडदा ओढतं आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. ऑपरेटर तोवर तेच बटण आणखी चारदा दाबून मोकळा झालेला असतो. ते चारही निरोप रांगेत आहेत. क्वेरी संपली की ती आणखी चारदा चालणार.

माझा आडाखा असा: लिसनरच्या आत 50 मिलिसेकंदांहून जास्त वेळ जाईल अशी शंका जरी आली तरी ते काम बाहेर काढायचं. फाइल, नेटवर्क, डेटाबेस, सिरियल पोर्ट यांबद्दल तर शंकाही घ्यायची नाही, थेट बाहेर. आरसीपीत त्यासाठी जॉब आहे. साधा जावा थ्रेडही चालेल, पण जॉब वापरलात तर प्रगतीची पट्टी आणि रद्द करायची सोय आयती मिळते. फक्त जॉबला मिळालेल्या प्रगती-मॉनिटरला ‘रद्द झालं का’ असं मधूनमधून विचारायचं काम तुमचं. ते न विचारता ‘कॅन्सल’चं बटण दाखवणारी अ‍ॅप्लिकेशन्स मी ढिगाने पाहिलीत. बटण दाबलं तरी काम आपलं चालूच.

बाहेर काढलेल्या कामाने स्क्रीनला थेट हात लावायचा नाही. लावलात तर एसडब्ल्यूटी ‘इनव्हॅलिड थ्रेड अ‍ॅक्सेस’ म्हणून तिथल्या तिथे अपवाद फेकतं. याबद्दल त्याचे आभारच माना. स्विंगमध्ये हीच चूक बऱ्याचदा निमूट पचते आणि महिन्याने भलत्याच ठिकाणी वर येते. स्क्रीनवर काही लिहायचं असेल तर डिस्प्लेच्या असिंक-एक्झेकला एक रनेबल, म्हणजे चालवायच्या कोडचा तुकडा, द्यायचा. तो लूपच्या रांगेत बसतो आणि पाळी आली की चालतो.

इथे नवशिक्याचं घोडं तीन जागी पेंड खातं. पहिली जागा: रनेबलची पाळी येईपर्यंत वापरकर्त्याने ती खिडकी बंद केलेली असू शकते. म्हणून रनेबलच्या आत, पहिल्याच ओळीला, विजेट (बटण, टेबल वगैरे) डिस्पोज झालंय का ते तपासायचं. ही तपासणी बाहेर, असिंक-एक्झेकच्या आधी करून उपयोग नाही. दुसरी जागा: असिंकऐवजी सिंक-एक्झेक. सिंक म्हणजे पार्श्वभूमीचा थ्रेड उत्तर येईपर्यंत थांबतो. त्याने हातात कुलूप (लॉक) धरलंय आणि स्क्रीनचा थ्रेड त्याच कुलपासाठी थांबलाय, असं झालं की दोघेही जन्मभर एकमेकांची वाट बघणार. सिंक-एक्झेक मी फक्त उत्तर हवं असतं तेव्हाच वापरतो, उदाहरणार्थ ‘पुढे जायचं का?’ असं विचारणारा डायलॉग. तेही हातात कुठलंही कुलूप नसताना.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी, कारण तिथे नियम पाळूनही स्क्रीन गोठते. यंत्राकडून सेकंदाला हजार मोजमापं येताहेत आणि प्रत्येकासाठी तुम्ही एक असिंक-एक्झेक करताय. एकही काम लांबलचक नाही, पण रांगच इतकी लांब होते की माउसच्या निरोपाची पाळी येईना. मोजमापं एका यादीत गोळा करा आणि डिस्प्लेच्या टायमर-एक्झेकने दर 200 मिलिसेकंदांनी यादी रिकामी करून एकदाच टेबल ताजं करा. माणसाच्या डोळ्याला त्याहून वेगाने बदलणारा आकडा वाचताच येत नाही.

तुमच्या कोडमध्ये गोठवणारी जागा कुठली, हे अंदाजाने शोधू नका. अ‍ॅप्लिकेशन गोठलेलं असतानाच जावाबरोबर मिळणाऱ्या जेस्टॅकने थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठे आहे त्याची यादी, घ्या आणि त्यात फक्त मेन थ्रेड बघा. त्याच्या डोक्यावर सॉकेट-रीड किंवा जेडीबीसीचं (नेटवर्क किंवा डेटाबेसचं) काही दिसलं की खालच्या चार-पाच ओळींत तुमचाच लिसनर सापडेल. तीन वेगवेगळ्या वेळी तीन डंप घेतलेत तर पहिल्याच दिवशी यादी तयार होते.

आता हँडल. याची एक गोष्ट सांगतो.

एका कारखान्यात आमचं अ‍ॅप्लिकेशन सकाळी 7 ला, पहिल्या पाळीत सुरू व्हायचं आणि दुपारी 3 च्या सुमारास मरायचं. रोज. म्हणजे नेमकं दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन बसला की. पंधरा दिवस त्या बिचाऱ्यावर खापर फुटत राहिलं: हा काहीतरी उलटसुलट दाबतो. शेवटी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तर तो काहीच दाबत नव्हता. टास्क मॅनेजर उघडून डिटेल्सच्या पानावर ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ (चित्रं-फॉन्ट वगैरेंची हँडल्स) हा रकाना लावला. आकडा 9,800 च्या पुढे होता आणि दर अर्ध्या मिनिटाने दहाने वाढत होता. विंडोजवर एका प्रोसेसला मूळ मर्यादा 10,000 ची. दहाएक मिनिटांच्या आत, आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत, अ‍ॅप्लिकेशन मेलं.

टेबलात दहा यंत्रांच्या दहा ओळी होत्या. प्रत्येक ओळीपुढे हिरवा किंवा लाल दिवा. दर 30 सेकंदांनी टेबल ताजं व्हायचं आणि ओळींना मजकूर-चित्र पुरवणाऱ्या लेबल प्रोव्हायडरची गेट-इमेज मेथड दर वेळी दिव्याचं नवं चित्र बनवून द्यायची. मिनिटाला वीस, तासाला बाराशे. सकाळी 7 पासून हिशोब करा, बरोबर 3 वाजतात. ती मेथड मीच लिहिली होती.

मुद्दा असा, की ती इमेज ही जावाची वस्तू असली तरी तिच्या पोटात विंडोजचं हँडल असतं. नको असलेली मेमरी आपोआप आवरणाऱ्या जावाच्या गार्बेज कलेक्टरला त्या हँडलचं काही देणंघेणं नाही. एसडब्ल्यूटीचे याबाबत दोनच नियम आहेत. तुम्ही बनवलंत तर तुम्हीच डिस्पोज करायचं. आणि पालक डिस्पोज झाला की त्याची पोरं आपोआप होतात. दुसऱ्या नियमामुळे खिडकी बंद केली की तिच्यातली बटणं-खोके जातात. पण बटणावर लावलेली इमेज किंवा फॉन्ट हे बटणाचं पोर नव्हे, ते तुम्ही वेगळं बनवून त्याला घातलेलं आहे. ते राहतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: डिस्प्लेकडून मागून घेतलेला सिस्टिमचा रंग किंवा चित्र तुम्ही बनवलेलं नाही, त्याला हात लावायचा नाही. 2020 नंतरच्या आवृत्त्यांत रंगांचं डिस्पोज करावं लागत नाही. इमेज आणि फॉन्ट मात्र अजून आपल्याच गळ्यात.

दुरुस्ती सोपी आहे. एसडब्ल्यूटीवरच्या जेफेस या लायब्ररीत लोकल रिसोर्स मॅनेजर नावाची गोष्ट आहे. तो एखाद्या कंट्रोलला बांधून बनवायचा, चित्रं त्याच्याकडूनच मागायची. तेच चित्र पुन्हा मागितलं तर तो जुनंच देतो आणि कंट्रोल गेला की सगळं आवरून ठेवतो. तुमच्या कोडमध्ये ‘न्यू इमेज’ आणि ‘न्यू फॉन्ट’ असा शोध घ्या. जे सापडेल त्यातलं प्रत्येक डिस्पोज कुठे होतंय ते दाखवता आलं पाहिजे. लेबल प्रोव्हायडर, पेंट लिसनर आणि लूपच्या आत सापडलेल्यांपासून सुरुवात करा. बहुतेक तिथेच चोर पकडला जातो.

टेबलांबद्दल थोडकंच. दहा-वीस हजारांच्या वर ओळी असतील तर व्हर्च्युअल स्टाइलचं टेबल घ्या. त्याला फक्त ओळींची संख्या सांगायची. जी ओळ डोळ्यांसमोर येईल तिचाच मजकूर ते मागतं. टेबलात संपादन, गोठवलेले रकाने, रकान्यांचे गट असं काही हवं असेल तर मूळ टेबलाशी झटापट न करता नेबुला प्रकल्पातलं नॅटटेबल घ्या. शिकायला कटकटीचं आहे, पण दुसरा धड पर्याय नाही.

चौकटीकडे वळतो. सर्व्हरकडून येणाऱ्याला इथे सगळ्यात जास्त छळतं ते सुटे भाग जोडणारं ओएसजीआय. आरसीपीतला प्रत्येक प्लगइन म्हणजे एक बंडल, आणि प्रत्येक बंडलला स्वतःचा क्लासलोडर. तुम्ही जार फाइल फोल्डरमध्ये टाकलीत म्हणून तिच्यातला क्लास दिसेल असं नाही. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये (बंडलच्या माहितीच्या फाइलमध्ये) तो पॅकेज आयात केलेला हवा आणि समोरच्याने तो निर्यात केलेला हवा. ‘क्लास नॉट फाउंड’ आलं की जार शोधत बसण्यापेक्षा आधी दोन्ही मॅनिफेस्ट समोरासमोर उघडून ठेवा. ही शिस्त सुरुवातीला जाच वाटते. पण मी दहा वर्षं जुन्या आरसीपी अ‍ॅप्लिकेशनमधला अहवालांचा अख्खा भाग उचलून दुसरा बसवलाय, बाकीच्या कोडला धक्का न लावता. स्विंगच्या एका जुन्या प्रकल्पात हेच करताना सहा महिने गेले होते.

2012 नंतरच्या इक्लिप्स 4 च्या चौकटीत खिडक्यांची मांडणी अ‍ॅप्लिकेशन मॉडेलच्या फाइलमध्ये असते. तुम्ही तिथे नवा भाग घालता, चालवून बघता, आणि तो दिसतच नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीये. कारण असं, की चौकट आधीच्या वेळची मांडणी वर्कस्पेसच्या मेटाडेटा फोल्डरमध्ये जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उघडते. विकसित करताना लाँच कॉन्फिगरेशनमध्ये ‘क्लिअर पर्सिस्टेड स्टेट’ हा पर्याय कायम लावून ठेवा. ग्राहकाकडे जाणाऱ्या आवृत्तीत मात्र काढा, नाहीतर ऑपरेटरने जुळवलेले रकाने रोज सकाळी विस्कटतील आणि तो तुम्हाला फोन करेल.

मॅकवर कुणी चालवणार असेल तर जावाला ‘एक्स-स्टार्ट-ऑन-फर्स्ट-थ्रेड’ हा पर्याय द्यावा लागतो. आणि कारखान्यात 32 बिटांचे जुने पीसी असतील तर आधी विचारून घ्या. इक्लिप्सने 2018 च्या अखेरीस 32 बिट सोडून दिलं, त्यामुळे तिथे जुनीच आवृत्ती चालवावी लागेल.

स्क्रीन मराठीत हवी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण यंत्रापाशी बसणारी माणसं आज ना उद्या मागणारच, म्हणून सांगून ठेवतो. इथे एसडब्ल्यूटीची सिस्टिमवर विसंबण्याची सवय कामाला येते. जोडाक्षरं, रफार, ‘सुऱ्या’मधला अर्धा ऱ, हे सगळं सिस्टिमच जुळवते. अडचण येते ती आपणच केलेल्या गोष्टींत. जुन्या कोडमध्ये बटणांची उंची-रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून दिलेली असते. ‘सेव्ह’साठी पुरणाऱ्या उंचीत ‘दुरुस्ती’चा उकार खालून कापला जातो. ग्रिड लेआउट वापरा आणि आकार त्यालाच ठरवू द्या. प्रॉपर्टीज फाइल जावा 9 च्या आधी युनिकोड धरली जात नसे, त्यामुळे जुन्या जावावर मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. तिथे ती कोड-अंकांत लिहावी लागतात. नावांची यादी लावताना साधी स्ट्रिंग तुलना करू नका. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. कोलेटरला, म्हणजे जावातल्या क्रम लावणाऱ्या क्लासला, आपला क्रम सांगावा लागतो. आणि ‘नोंदी’, मग आकडा, मग ‘पुसल्या’ असे तुकडे जोडून वाक्य बनवलंत तर एकच नोंद असताना ‘1 नोंदी पुसल्या’ असं उमटतं. पूर्ण वाक्यं दोन लिहा, तुकडे जोडू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, टूलकिट कुठलं. चार-पाच फॉर्म आणि एक यादी एवढंच काम असेल तर आरसीपी घेऊ नका. नमनालाच घडाभर तेल जाईल. साधं जावाएफएक्स पुरेल. फक्त 2018 च्या जावा 11 पासून ते जेडीकेत, म्हणजे जावाच्या मूळ संचात, येत नाही, वेगळं जोडावं लागतं. स्विंग जुनाट दिसतं म्हणून लोक नाकं मुरडतात, पण ते जेडीकेतच आहे आणि कुठे जाण्याची चिन्हं नाहीत. आरसीपी तेव्हा घ्यावी, जेव्हा अ‍ॅप्लिकेशन दहा वर्षं वाढणार आहे, वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळे भाग द्यायचेत आणि माणसं दिवसभर त्याच खिडकीत बसणार आहेत. तुम्ही केलेलं वर्णन याच वर्गातलं आहे. म्हणूनच सुरुवातीला ‘नव्याने लिहू नका’ म्हटलं.

एक शेवटचं, बिल्डचं. इक्लिप्समधून चालवलं की सगळं चालतं, एक्सपोर्ट केलं की आयकॉन गायब किंवा अख्खा मेन्यूच गायब. हे तुमच्या बाबतीत होणारच. दहातल्या आठ वेळा बिल्ड-प्रॉपर्टीज फाइलच्या ‘बिन-इन्क्लूड्स’मध्ये आयकॉनचं फोल्डर किंवा प्लगइन-एक्सएमएल लिहायचं राहिलेलं असतं. उरलेल्या दोन वेळा नवं बंडल मॅनिफेस्टमध्ये आलेलं असतं, पण फीचरमध्ये (बाहेर द्यायच्या प्लगइन्सच्या यादीत) टाकायचं राहिलेलं असतं. तुमच्या लाँच कॉन्फिगरेशनमध्ये वर्कस्पेसमधले सगळे प्लगइन टिक केलेले असतात, म्हणून ते तुम्हाला कधी कळत नाही. हाताने एक्सपोर्ट करणं बंद करा आणि मेव्हन या बिल्डच्या साधनावर इक्लिप्ससाठीचं टायको लावून बिल्ड रोज रात्री आपोआप होऊ द्या. आमच्याकडे त्यासाठी एक जुना लॅपटॉप बाजूला काढलाय. त्यावर जावा नाही, इक्लिप्स नाही, काहीच नाही. रात्रीच्या बिल्डची झिप सकाळी आल्याबरोबर त्यावर उघडायची आणि प्रत्येक मेन्यू एकदा दाबून बघायचा. चहा येईपर्यंत होतं.